दिवसा दिवा लावायचा हक्क

जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये आमच्या पहिल्याच रविवारी सकाळी मी घरातल्या रिकाम्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि त्या टाकायला खाली उतरलो. कोपऱ्यावर काचेसाठी ठेवलेला लोखंडी डबा घरमालकाने आदल्या दिवशी मोठ्या अभिमानाने दाखवला होता. मी पहिली बाटली त्याच्या भोकातून आत सोडली. तिचा आवाज थेट ऑस्ट्रियाच्या हद्दीपर्यंत गेला असावा. कारण पुढच्याच क्षणी आभाळ काळवंडलं, चर्चच्या मनोऱ्यावरचे पारवे उडाले, समोरच्या इमारतीतला एकूण एक पडदा बोटभर सरकला आणि बर्फातून एक माणूस दोन्ही हात पसरून माझ्या अंगावर धावून आला. तो किमान आठ फूट उंच होता. कमरेला पांढरीशुभ्र लुंगी, लुंगीखाली गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे, वर निळं फुगीर जाकीट, डोक्याला माकडटोपी, आणि त्या टोपीतून बाहेर आलेली मिशी एवढी भरघोस की आधी ती पोचली आणि मग तिच्यामागून तो आला. त्याने माझ्या हातातली दुसरी बाटली अशी काढून घेतली, जणू तो हातबॉम्ब होता आणि मी त्याची पिन ओढली होती.

तो ज्या भाषेत ओरडत होता ती मला जर्मन वाटली. नंतर कळलं की ती मल्याळम होती. त्याच्याही नंतर कळलं की तो ओरडत नव्हता, बोलत होता.

माझ्या चेहऱ्यावरून त्याने काय ते ओळखलं आणि चक्क मराठीत सांगितलं, "रविवारी बाटली नाही टाकायची, भाऊ. इकडे रविवारचा आवाज म्हणजे पाप. इंडियात कुठले?"

"पुण्याचा."

त्याने डोळे मिटून मनातल्या मनात कुठला तरी नकाशा उलगडला. "पुणे. म्हणजे तुम्ही कल्याणमध्ये येता."

मी आयुष्यात बरंच ऐकून घेतलं आहे. पण पुण्याच्या माणसाला, परक्या मुलखात, बर्फात उभं करून, तो कल्याणमध्ये येतो असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी जरा ताठ होऊन म्हणालो की पुणं पुण्यातच येतं. त्यावर त्याने मला शाळेतल्या मुलाला समजवावं तसं समजावलं. केरळच्या सिरियन कॅथलिक लोकांचा एक बिशप कल्याणला असतो, पुणं त्याच्या हद्दीत आहे, आणि ते मी मानण्या न मानण्यावर अवलंबून नाही.

हे लूकाच्चन. पुढे ओळख वाढल्यावर त्यांची उंची माझ्या कानाच्या पाळीपर्यंत भरली, पण पहिल्या भेटीतले ते आठ फूट माझ्या डोक्यातून कधी गेले नाहीत. ते आमच्याच इमारतीत, आमच्या दोन मजले वर राहत. नाव लूका, त्याला आदराचा 'च्चन' लागलेला. तरुणपणी अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टेनो होते आणि मराठी तिथल्या कॅन्टीनमध्ये शिकले होते. त्यामुळे त्यांच्या मराठीत जगातले सगळे पुरुष भाऊ होते, सगळ्या बायका ताई होत्या आणि आवडलेली कुठलीही गोष्ट, मग तो रस्सा असो की पोप, एक नंबर होती.

त्या दिवशी आम्ही एकत्रच जिना चढलो. म्हणजे पहिल्या मजल्यापर्यंत चढलो. तिथे ते दोन पायऱ्या वर जाऊन माझ्याकडे वळले, माझ्या हातात बाटल्यांची पिशवी तशीच, आणि त्यांनी विचारलं, सन तीनशे पंचेचाळीस तुम्हाला माहीत आहे का. मी नाही म्हणालो. माणसाच्या तोंडून कधी कधी एक शब्द जातो आणि त्याची सकाळ जाते.

थोडक्यात सांगतो. 'थोडक्यात' हा शब्द लूकाच्चनच्या कुठल्याच भाषेत नव्हता, तो मी माझ्या पदरचा घालतो आहे. त्यांच्या परंपरेप्रमाणे केरळच्या किनाऱ्यावर येशूचा शिष्य थॉमस पहिल्याच शतकात येऊन लोकांना बाप्तिस्मा देऊन गेला होता. मग तीनशे पंचेचाळीस साली क्नायी थोम्मा नावाचा एक व्यापारी दूर मेसोपोटेमियातून बाहत्तर कुटुंबं जहाजात घालून कोडुंगल्लूरला उतरला. तिथल्या राजाने त्यांचं स्वागत केलं आणि ताम्रपटावर बाहत्तर हक्क लिहून दिले. हत्तीवर बसायचा हक्क, पायघड्यांवरून चालायचा हक्क, दिवसा दिवा लावायचा हक्क.

दिवसा दिवा लावून उपयोग काय, असं मी विचारलं.

"उपयोग नाही म्हणून तर तो हक्क, भाऊ," लूकाच्चन म्हणाले. "उपयोग असता तर सगळ्यांनीच लावला असता."

हा ताम्रपट पुढे पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि हरवला, असं ते सांगत. एर्लांगेनच्या स्टेशनाजवळ एक पोर्तुगीज बाई कॉफीचं लहानसं दुकान चालवायची. गोड बाई होती आणि तिच्याकडची कस्टर्डची पेस्ट्री खायला लोक सायकली मारत यायचे. लूकाच्चन त्या दुकानात कधी शिरले नाहीत. ताम्रपट परत मिळेपर्यंत नाही.

आता मुख्य भाग. ही बाहत्तर कुटुंबं कोडुंगल्लूरला रस्त्याच्या दक्षिणेला राहिली आणि आधीपासूनचे ख्रिस्ती उत्तरेला. तेव्हापासून हे दक्षिणेकडचे आणि ते उत्तरेकडचे. धर्म एक, भाषा एक, आप्पम एक, मटणाचा रस्सा एक, आणि तरी सोळाशे वर्षं एकमेकांत सोयरीक नाही. शेवटी एकोणीसशे अकरा साली पोपने दक्षिणेकडच्यांना त्यांचा स्वतंत्र धर्मप्रांत काढून दिला. त्याचं ठाणं कोट्टायम. जर्मन लोकांना ही उत्तर-दक्षिण भानगड तीस वर्षांत समजली नव्हती, असं लूकाच्चन खेदाने म्हणाले. मला ती जिन्यातच दोन मिनिटांत समजली. आमच्या कोकणस्थ घरात देशस्थ सून आली तेव्हा माझ्या आत्याने तिला आमटीत गूळ किती घालायचा हे वर्षभर रोज नव्याने सांगितलं होतं. मला कोट्टायमचं काय अवघड वाटणार?

एकोणीसशे अकरावरून लूकाच्चन पुन्हा मागे, पोर्तुगीजांच्या पंधराशे नव्व्याण्णवपर्यंत गेले होते आणि माझा पिशवीचा हात बधिर झाला होता, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून एक बाई कठड्यावर वाकल्या. या अलेयाम्मा चेची. चेची म्हणजे मोठी बहीण, आणि इमारतीतला लहानमोठा प्रत्येकजण त्यांना तेच म्हणायचा.

"तीनशे पंचेचाळीस साली आलेल्या माणसाने अजून कचरा खाली नेलेला नाही," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

लूकाच्चन जर्मनीत आले ते या बाईमुळे. साठच्या दशकाच्या शेवटी जर्मनीला परिचारिका हव्या होत्या आणि केरळातल्या चर्चांनी गावोगावच्या मुली पाठवल्या. त्यांत अलेयाम्मा चेची आल्या, भाषा शिकल्या, परीक्षा दिल्या, रजा घेऊन गावी गेल्या आणि तीन आठवड्यांत लग्न करून नवरा घेऊन परत आल्या. जर्मनीला परिचारिका हव्या होत्या, नवरे नको होते. लूकाच्चनना काही वर्षं कामाचा परवानाच मिळेना. बायको इस्पितळात, आणि शंभर शब्द मिनिटाला टाइप करणारा हा माणूस घरी दोन मुलींच्या वेण्या घालत, दुपटी वाळत टाकत, खिडकीतून बर्फ पाहत बसला. बाकी केरळी नवऱ्यांतले काही दारूकडे गेले, काही पत्त्यांकडे. लूकाच्चन इतिहासाकडे गेले. त्यांच्या मते फरक एवढाच की इतिहास उतरत नाही. पुढे इस्पितळाच्या धुलाईखात्यात त्यांना नोकरी लागली, ती त्यांनी निवृत्त होईपर्यंत केली. मुली मोठ्या झाल्या, दूरच्या गावी गेल्या. बाप मल्याळममध्ये सन तीनशे पंचेचाळीस सुरू करायचा आणि मुली जर्मनमध्ये उत्तर द्यायच्या की पपा, आम्हाला माहीत आहे. आमची मुलगी अन्वीही आता मला तसंच उत्तर देते, त्यामुळे या बाबतीत मी फार हसत नाही.

उरलेला वेळ लूकाच्चन आमच्या गल्लीतल्या कॅथलिक चर्चमध्ये असत. तिथे त्यांच्याकडे एक कायमचं काम होतं, खुर्च्या. नाताळ असो, लग्न असो, मयत असो, सभागृहात घडीच्या खुर्च्या लावायच्या आणि नंतर मिटून ठेवायच्या. वर्षातून एकदा चर्चचा उन्हाळी उत्सव असे, फार्फेस्ट. त्यात खुर्च्यांच्या जोडीला चिकन करी. चर्चच्या कारभारी मंडळाचे प्रमुख होते हेर, म्हणजे श्रीयुत, वोल्फ्रुम, मोठ्या विजेच्या कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनियर. अत्यंत सज्जन, अत्यंत गुलाबी, आणि अत्यंत नीटनेटके. ते लहान असताना चर्चमध्ये परमुलखातल्या लोकांना ख्रिस्ती करण्यासाठीची एक दानपेटी असे. तिच्यावर मातीचा काळा मुलगा बसवलेला. नाणं टाकलं की तो मान हलवून आभार मानायचा. हेर वोल्फ्रुमने त्यात बालपणीचा सगळा खाऊचा पैसा टाकला होता, आणि त्यांची मनोमन खात्री होती की लूकाच्चन म्हणजे त्या पैशांचं आलेलं पीक आहे.

दर फार्फेस्टला ते करीची बशी हातात घेऊन लूकाच्चनजवळ यायचे आणि प्रेमाने विचारायचे की आल्झो, तर मग हेर लूका, तुमच्या घराण्याला ख्रिस्ती कुणी केलं. लूकाच्चन दरवर्षी सांगायचे की सोळाशे वर्षांहून जास्त झाली. हेर वोल्फ्रुम दरवर्षी विचारात पडायचे. "पण तेव्हा तर आम्हीच नव्हतो," ते म्हणायचे. "मग तुम्हाला कोण करणार?" आणि हा प्रश्न बिनतोड आहे अशा समाधानाने करी संपवायचे.

लूकाच्चनना जर्मनीकडून पैसा नको होता, पासपोर्ट तर त्यांनी घेतलाही नव्हता. त्यांना एकच हवं होतं. हेर वोल्फ्रुमने एकदा, चार लोकांसमोर, कबूल करावं की ही माणसं आमच्या आधीची आहेत. तीस वर्षं खुर्च्या लावल्या त्या या एका वाक्यासाठी.

दोन हजार पाचच्या मे महिन्यात एका सकाळी आमच्या दाराची बेल वाजली ती वाजतच राहिली. बाहेर लूकाच्चन, लुंगी इस्त्रीची, मिशी विंचरलेली, हातात केळ्याच्या वेफर्सचा डबा. कोट्टायमच्या धर्मप्रांताला रोमहून बढती मिळाली होती, आता तो महाधर्मप्रांत झाला होता. संध्याने, म्हणजे माझ्या बायकोने, पेढे नाहीत म्हणून त्यांच्या हातावर साखर ठेवली आणि घरातल्याच कुणाला प्रमोशन मिळाल्यासारखी आनंदाने चौकशी केली. पगार वाढणार का, असं तिने विचारल्याचं मला अंधुक आठवतं.

लूकाच्चन लगेच चर्चमध्ये गेले आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं. येत्या फार्फेस्टला महाधर्मप्रांताचा इतिहास सांगायचा आणि मार्गमकळी करायची. मार्गमकळी म्हणजे त्यांच्या लोकांचा जुना नाच. मधोमध पितळी दिवा, म्हणजे ख्रिस्त, त्याच्याभोवती बारा पुरुष, म्हणजे बारा शिष्य, आणि झांजा वाजवत गाणारा गुरू. मंडळाने वीस मिनिटं मंजूर केली, पोत्यातल्या शर्यतीनंतर आणि सोडतीच्या आधी.

गुरू तयार होता. शिष्य मिळेनात. एर्लांगेन, फ्युर्ट, न्यूरेनबर्ग सगळं पालथं घालून दक्षिणेकडचे सात पुरुष निघाले, त्यांतल्या दोघांचे गुडघे बदललेले. मी सुचवलं की आपल्याच गल्लीत दोन केरळी कुटुंबं आहेत, तिथे धडधाकट पोरं आहेत.

लूकाच्चन गंभीर झाले. "ते उत्तरेकडचे."

"मग काय झालं? नाच तर तोच आहे."

"भाऊ, तुम्ही परके आहात, तुमचं ठीक आहे. ते आपलेच आहेत, पण आपले नाहीत." मग त्यांनी माझ्याकडे खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पाहिलं. "तुमचे गुडघे कसे आहेत?"

अशा रीतीने पोपच्या निर्णयाचा आनंद साजरा करायला पुण्याचे पाच हिंदू उभे राहिले. मी, विद्यापीठात डॉक्टरेट करणारा आणि कायम झोपेत असलेला क्षितिज, त्याचे दोन मित्र ओजस आणि तनय, आणि माझ्या ऑफिसातला नागेश. नागेश हा कोथरूडचा, जन्मतःच संशयी. तालमी चर्चच्या तळघरात होत. लूकाच्चन आधी गाण्याचा अर्थ सांगत. एका राजाने थॉमसला महाल बांधायला पैसे दिले, थॉमसने ते सगळे गरिबांना वाटून टाकले, आणि राजा पाहायला आला तेव्हा त्याला सांगितलं की तुझा महाल स्वर्गात तयार झालाय.

"ताबा कधी मिळणार होता?" नागेशने विचारलं. मग म्हणाला की आमच्या सोसायटीचा बिल्डरही हेच सांगतो, फक्त तो गरिबांना वाटत नाही.

नाच दिसायला सोपा होता. दोन पावलं पुढे, एक मागे, वळायचं, टाळी. अडचण टाळीत होती. मराठी माणसाला दिव्यासमोर उभं करून टाळ्या वाजवायला सांगितल्या की त्याच्या हातांना एकच चाल येते, आरतीची. आणि आरतीची चाल म्हणजे सुरुवात सावकाश आणि शेवटी सगळ्यांना प्रसादाची घाई. आम्ही पाचजण हळूहळू वेग घ्यायचो, ते सातजण मागे राहायचे, आणि गोल अंड्याच्या आकाराचा व्हायचा. लूकाच्चन झांजा थांबवून कपाळाला हात लावायचे. प्रेषित चालत गेला होता, भाऊ, त्याची बस सुटत नव्हती, असं ते दर तालमीला एकदा तरी म्हणत.

फार्फेस्टचा दिवस जुलैतला, लख्ख उन्हाचा. चर्चच्या आवारात लिंडेनच्या झाडांखाली बाकं, सॉसेजचा धूर, बीअरचे पेले, बाजूला ब्रास बँड. खुर्च्या अर्थात लूकाच्चननीच पहाटे येऊन लावल्या होत्या. पहिल्या रांगेत मधोमध हेर वोल्फ्रुम, त्यांच्या शेजारी फादर. अलेयाम्मा चेची करीच्या पातेल्यापाशी डाव घेऊन उभ्या. त्यांना जागा सोडता येईना, म्हणून दिव्याची तयारी त्यांनी संध्यावर सोपवली. एवढंच सांगितलं की तेल घाल, वाती लाव. दिवा लूकाच्चनच्या घरचा, त्यांच्या आजोबांच्या वेळचा, पुरुषभर उंचीच्या निम्मा, आपल्या समईसारखा, फक्त वर टोकाला क्रूस.

संध्याने तेल घातलं, वाती लावल्या. पण तेवढ्यावर थांबणं तिच्या रक्तात नाही. कार्यक्रमाचा दिवा, पहिल्यांदाच लोकांसमोर येतोय, आणि कोरा? तिने पर्समधून हळदीकुंकवाचा करंडा काढला. दिव्याच्या बैठकीला बोटं ओढली, मधल्या दांड्याला ओढली, आणि चढत चढत क्रूसापर्यंत गेली. त्याला अगदी मधोमध हळद आणि कुंकू, वर झाडावरून काढलेलं एक फूल. मग तिने ताट घेतलं आणि पडद्यामागे आमच्याकडे आली. आम्ही पाचांनी सवयीने माना पुढे केल्या. मागचे सातजण गोंधळले. पण हातात ताट घेतलेल्या बाईशी वाद घालायचा नसतो हे त्यांनाही त्यांच्या आयांनी शिकवलं असणार, आणि संध्याच्या ताटासमोर आलेलं कपाळ कोरं परत जात नाही. बारा शिष्य टिळे लावून रिंगणात जाऊन उभे राहिले.

मग लूकाच्चन झांजा घेऊन बाहेर आले. रेशमी काठाची लुंगी, खांद्यावर उपरणं. त्यांनी आधी लोकांकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग दिव्याकडे, आणि मग त्यांची नजर वर वर जात क्रूसावर जाऊन थांबली.

बँडवाल्याने तोंडाजवळ नेलेला पेला खाली ठेवला. सातांपैकी एकजण हलकेच मल्याळममध्ये म्हणाला की पुसून टाकू या. संध्याला तेव्हा कुठे लक्षात आलं, आणि तिचा चेहरा ताटातल्या कुंकवासारखा झाला. आणि पहिल्या रांगेतून हेर वोल्फ्रुम, मनात कसलाही आकस नसताना, अगदी शोध लागल्याच्या आनंदाने म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणजे मुळात हे हिंदूच, नाही का हेर लूका?"

तीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा आला होता. लूकाच्चननी कमरेचा रुमाल काढला. आम्हाला वाटलं, आता ते दिवा पुसणार. संध्यालाही तेच वाटलं असावं, कारण तिने ताट मागे लपवलं. त्यांनी रुमालाने स्वतःचं कपाळ नीट कोरडं केलं, घडी घालून तो परत खोचला आणि सगळं आवार बघत असताना ते चालत संध्यासमोर गेले.

"ताई," ते म्हणाले, "माझं राहिलं."

संध्याने लपवलेलं ताट पुढे घेऊन टिळा लावला. मग ते माइकपाशी गेले. त्यांचं भाषण मी तालमीत ऐकलं होतं. ते तीनशे पंचेचाळीसला सुरू होऊन पोर्तुगीजांवर पहिला श्वास घ्यायचं. त्यातलं एक वाक्यही ते बोलले नाहीत.

"आम्ही जहाजातून उतरलो तेव्हा किनाऱ्यावर ही माणसं उभी होती," त्यांनी आमच्या पाचांकडे बोट करून जर्मनमध्ये सांगितलं. "तुम्ही कोण, तुम्हाला कुणी केलं, हे त्यांनी विचारलं नाही. आधी दिवा लावू दिला. बाकीचं विचारायला त्यांना अजून वेळ मिळालेला नाही." आणि झांजा वाजवल्या.

करीच्या पातेल्याजवळ अलेयाम्मा चेचींच्या हातातला डाव तसाच राहिला. लग्नाला तीस वर्षं झाली होती, नवरा थोडक्यात बोलल्याचं त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

नाचाचं काय सांगू? पहिली दोन कडवी प्रेषित चालत गेला. तिसऱ्याला आम्ही पाचजणांनी वेग घेतला. गोल अंड्याचा होणार एवढ्यात, का कोण जाणे, त्या दिवशी सातजणही आमच्यामागे धावले, नव्या गुडघ्यांसकट. ब्रास बँडच्या ढोलवाल्याने ताल पकडला. जर्मन लोकांना संथ सुरू होऊन वेडं होणारं संगीत फार प्रिय असतं. त्यांनी बाकं बडवायला सुरुवात केली. लूकाच्चन एकदा झांजा थांबवायला निघाले आणि मग त्यांनीही प्रेषिताला सोडून दिलं. शेवटी टाळ्या थांबल्या तेव्हा क्षितिज पूर्ण जागा होता. मी त्याला तसा पुन्हा कधी पाहिला नाही. नागेशने मात्र सवयीने हात पुढे केला होता, प्रसादासाठी. चेचींनी त्यावर करीची बशी ठेवली.

संध्याकाळी आवार रिकामं झालं. लूकाच्चन खुर्च्या मिटत होते, मी हाताखाली होतो. हेर वोल्फ्रुम आले, त्यांनी कोट काढून फांदीला अडकवला आणि एक खुर्ची मिटली. मग दुसरी. तीस वर्षांत त्यांनी इथल्या खुर्चीला बसण्यापलीकडे हात लावला नव्हता. चारपाच खुर्च्या झाल्यावर ते थांबले.

"तीनशे पंचेचाळीस," ते म्हणाले. ते मनात बराच वेळ हिशेब करत असावेत. "म्हणजे आमच्या संत किलियनच्याही आधी."

किलियन म्हणजे ज्याने त्या भागातल्या फ्रँक लोकांना पहिल्यांदा ख्रिस्ती केलं तो साधू.

"साडेतीनशे वर्षं आधी," लूकाच्चन म्हणाले. "बरं, हा किलियन कुठला?"

"आयर्लंडचा."

"म्हणजे बाहेरून आलेल्या माणसाने केलं तुम्हाला."

हेर वोल्फ्रुमने हातातली खुर्ची झाडाला टेकवली. सज्जन माणूस होता. फादर, दोन बायका आणि ढोलवाला ऐकत असताना त्यांनी मान हलवली. "हो," ते म्हणाले. "खरं आहे. तुम्ही आमच्या आधीचे."

लूकाच्चननी नुकतीच मिटलेली खुर्ची पुन्हा उघडली आणि त्यांच्यापुढे सरकवली. "बसा, हेर वोल्फ्रुम," ते म्हणाले. "असं होतं. नवीन माणसंही चांगली असतात."

त्यानंतर काही वर्षं लूकाच्चन जमिनीपासून बोटभर वरून चालायचे. जिन्यात माझी गाठ पडली की तीनशे पंचेचाळीस ऐवजी एकदम दोन हजार पाचपासून सुरुवात करायचे, त्यामुळे माझी बरीच शतकं वाचली. एकदा तर मी त्यांना त्या पोर्तुगीज बाईच्या दुकानाच्या काचेतून पेस्ट्रीकडे पाहताना पाहिलं. आत गेले नाहीत, पण थांबले होते. हेर वोल्फ्रुम आता येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःहून सांगत की आपल्या चर्चमध्ये सोळाशे वर्षांचे जुने ख्रिस्ती आहेत. पाहुण्यांना ते लूकाच्चन दाखवायला आणत, किल्ला दाखवावा तसे.

दोन हजार नऊमध्ये आमचे फादर निवृत्त झाले. जर्मनीत पाद्री मिळेनासे झाले होते, म्हणून शेजारचं चर्च आणि आमचं एक केलं आणि दोन्हींसाठी भारतातून एक तरुण पाद्री येणार असं ठरलं. ही बातमी हेर वोल्फ्रुमने वर येऊन, दम लागलेला असताना, लूकाच्चनना दिली. पाद्री केरळचाच होता. अभिनंदन, हेर लूका, ते म्हणाले, तुमचाच माणूस येतोय, आता तुमचा इतिहास व्यासपीठावरून सांगितला जाईल. अलेयाम्मा चेचींनी कॉफी टाकली. लूकाच्चननी फक्त गावाचं नाव आणि घराण्याचं नाव विचारलं.

पाद्री उत्तरेकडचा निघाला.

लूकाच्चन आता दर रविवारी गाडीने फ्युर्टच्या चर्चला जातात. इथल्या खुर्च्या हेर वोल्फ्रुम लावतात.